किती पांढरं?

“मॅडम, बारा वाजता काहीतरी आहे.”

भिंतीवरच्या घड्याळात तेव्हा पावणेतीन झाले होते. पण पोरगी त्या घड्याळाबद्दल बोलत नव्हती. गर्भपिशवीचं तोंड म्हणजे तबकडी आणि त्यावर जे दिसेल ते तासांत सांगायचं, ही या कामातली बोली. डॉक्टरीण पुन्हा वाकली, पाहिलं, म्हणाली, “म्युकस आहे तो.” कापसाच्या बोळ्यानं पुसलं, कार्डावर ‘निगेटिव्ह’ लिहिलं आणि पुढच्या बाईला आत बोलावलं.

बुलडाणा जिल्ह्यातल्या हिवरा आश्रमाच्या आसपासच्या एका उपकेंद्रातलं हे शिबिर. पोरगी म्हणजे तिथली समुदाय आरोग्य अधिकारी, बीएएमएस होऊन जेमतेम दोन वर्षं झालेली. डॉक्टरीण म्हणजे तीस वर्षं सरकारी नोकरी करून निवृत्त झालेली, आता हिवरा आश्रमात छोटा दवाखाना चालवणारी आणि शिबिराचं बोलावणं आलं की पिशवी उचलून निघणारी. ही डॉक्टरीण आणि हा लेख लिहिणारी एकच, हे वाचकांनी ओळखलं असेलच. स्वतःच्या चुका ‘मी’ म्हणून लिहायला बसलं की पेन आपोआप मऊ चालतं. म्हणून ‘ती’.

पोरीनं वाद घातला नाही. कार्डाच्या कोपऱ्यात, काढलेल्या वर्तुळावर बाराच्या जागी, पेन्सिलनं एक ठिपका दिला आणि आठ दिवसांनी त्या बाईला स्वतःच्या जबाबदारीवर परत बोलावलं. मग तालुका, मग जिल्हा, मग दुर्बिणीतून तपासणी, मग तुकडा. अहवाल आला तो कॅन्सरचा नव्हता, पण त्याच्या उंबऱ्यावरचा होता. तेवढा भाग काढून टाकला. बाई अडतीस वर्षांची होती. महिन्याभरात ती सोयाबीनच्या सोंगणीला उभी राहिली.

डॉक्टरणीनं त्या पोरीचे आभार मानायला दोन महिने लावले.

या भागात बाई दवाखान्यात येऊन पदराचं टोक पिळत बसली की पहिलं वाक्य ठरलेलं असतं: “अंगावरून पांढरं जाते वो मॅडम.” मुलखात पांढऱ्याला कमी नाही. कापूस पांढरा, चुन्यानं सारवलेली भिंत पांढरी, नवरा गेल्यावर कपाळ पांढरं. पण दवाखान्यात ‘पांढरं’ म्हणजे एकच गोष्ट. सरकारी कार्यक्रमात त्यासाठी हिरवं किट आहे, त्यात गोळ्या आहेत, पुष्कळदा गुण येतो. उमेदीच्या वर्षांत डॉक्टरणीनं ही हिरवी किटं किती वाटली याची मोजदाद नाही. टेबलावर घेऊन आत पाहिलं किती जणींचं, याचा आकडा मात्र तिला आठवतो, कारण तो फार लहान होता. ओपीडीत शंभर माणसं, पडदा फाटलेला, लाईट गेलेली. कारणं खरी होती. पण एक बाई तीनदा पांढऱ्यासाठी येऊन गेली आणि चौथ्यांदा लाल घेऊन आली. तेव्हा औरंगाबादच्या शासकीय कर्करोग रुग्णालयाची चिठ्ठी लिहिण्यापलीकडे हातात काही उरलं नव्हतं.

त्यानंतर डॉक्टरीण दुसऱ्या पांढऱ्याच्या मागे लागली.

पाच टक्क्यांचं असेटिक आम्ल, म्हणजे जवळपास व्हिनेगरच. रोज ताजं करायचं. बोळा भिजवून लावायचा आणि पूर्ण एक मिनिट थांबायचं. जिथल्या पेशी बिघडायला लागल्यात, ज्यांची केंद्रकं फुगलीत, तिथली प्रथिनं आम्लानं गोठतात आणि तो भाग पांढरा दिसू लागतो. एवढीच ही ‘व्हीआयए’. यंत्र नको, प्रयोगशाळा नको, वीज गेली तर बॅटरी पुरते. शिकवायला दोन तास लागतात. पण पांढरं म्हणजे किती पांढरं, हे शिकवायला डॉक्टरणीला तीस वर्षं पुरली नाहीत.

तिनं स्वतःपुरती मापं ठरवली होती. पेज, ताक आणि चुना. भाताच्या पेजेसारखं धूसर, कडा नसलेलं पांढरं दिसलं तर सोडून द्यायचं. पेशी आपलं रूप बदलत असतात, त्याची ती खूण. चुन्याचं बोट ओढल्यासारखं दाट, कडा स्पष्ट, दोन आवरणं जिथं मिळतात त्या रेषेला चिकटलेलं दिसलं तर धरायचं. अडचण असते ताकाची. ताक पातळही असतं आणि घट्टही. दाह असला तर ताक, जंतुसंसर्ग असला तर ताक, कधी नुसताच उजेड तिरका पडला तरी ताक. धरावं तर धडधाकट बाईला जिल्ह्याच्या दोन चकरा, बुडालेली मजुरी आणि घरभर कॅन्सरचा बभ्रा. सोडावं तर काय होतं, ते वर लिहिलंच आहे. त्यात पाळी गेलेल्या बायांची आणखी एक खोड: ती रेषाच आत सरकते आणि बाहेर सगळं गुलाबी, नितळ, निरोगी दिसतं. अशा किती जणींच्या कार्डावर डॉक्टरणीनं समाधानानं ‘निगेटिव्ह’ लिहिलं असेल. खरं तर तिथं ‘दिसत नाही’ असं लिहायला हवं होतं. पण ‘दिसत नाही’ लिहायला डॉक्टरला जड जातं.

तिनं एक वही ठेवली होती. प्रत्येक बाईसाठी एक वर्तुळ, त्यात तासांच्या खुणा, शेजारी पे, ता किंवा चु. परिचारिकांच्या प्रशिक्षणात ही वही ती मिरवायची. “माझा डोळा चुकत नाही,” हे वाक्य ती इतक्यांदा म्हणाली होती, की ते तिचं आडनाव असल्यासारखं झालं होतं.

या डोळ्याच्या अभिमानाला पहिला तडा गेला तो बार्शीमुळे. सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीचं नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालय, मुंबईचं टाटा स्मारक केंद्र आणि फ्रान्समधली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी मिळून १९९९ पासून उस्मानाबाद जिल्ह्यातल्या गावांत एक मोठा प्रयोग केला. गावांचे ५२ समूह, तीस ते एकोणसाठ वयाच्या १,३१,७४६ बायका, चार गट. एका गटाची एचपीव्ही, म्हणजे या कॅन्सरमागच्या विषाणूची चाचणी, दुसऱ्याची पॅप तपासणी, तिसऱ्याची व्हीआयए आणि चौथ्याला फक्त माहिती. आठ वर्षांच्या पाठपुराव्यानंतर २००९ साली निकाल छापून आला. एचपीव्ही गटात पुढच्या टप्प्यातले कॅन्सर ३९ निघाले, तपासणी न झालेल्या गटात ८२. मृत्यू ३४ आणि ६४. आयुष्यात एकदाच केलेल्या चाचणीनं मरणं जवळपास निम्म्यावर आणली. पॅपनं आणि व्हीआयएनं मात्र सांगण्याजोगा फरक पडला नाही.

पॅपचं वाचून डॉक्टरणीला आनंद झाला, हे कबूल करायला हवं. पॅप म्हणजेच खरी विद्या आणि व्हिनेगर म्हणजे गरिबांचा जुगाड असं मानणारे शहरातले बरेच सहकारी तिला माहीत होते. पण व्हीआयएच्या ओळीवर ती अडकली. तिच्या डोळ्याला कुणीतरी जगातल्या मोठ्या मासिकात नापास केलं होतं. मग तिनं वकिली सुरू केली. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत डॉ. सुरेंद्र शास्त्री आणि टाटाच्या सहकाऱ्यांनी दीड लाखांहून जास्त बायकांमध्ये केलेला अभ्यास तिनं तोंडपाठ केला. तिथं दहावी शिकलेल्या बायकांनी चार आठवड्यांच्या प्रशिक्षणावर दर दोन वर्षांनी व्हीआयए केली आणि मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. मग उस्मानाबादेत काय झालं? ती म्हणायची, एका फेरीत डोळा चुकतो, चार फेऱ्यांत सावरतो. पण तमिळनाडूतल्या दिंडीगुल जिल्ह्यात नर्सनी एकाच फेरीत तपासलं आणि मृत्यू ३५ टक्क्यांनी उतरले, म्हणजे ही वकिलीही लंगडी. तोच बोळा, तेच आम्ल, तोच एक मिनिट आणि तीन जिल्ह्यांत तीन निकाल. फरक कुठं असेल तर तो बघणाऱ्यांमध्ये आणि बघून झाल्यावरच्या उपचारांमध्ये. यावर ती आजही रात्री विचार करते. त्या चौथ्या गटातल्या ६४ जणींवरही करते. बायकांना तपासणीवाचून ठेवलं म्हणून या अभ्यासांवर पुढे कडक टीका झाली, आणि ती टीका पोकळ नव्हती.

एचपीव्हीचा त्रास हाच, की तो दिसत नाही. ताप नाही, दुखणं नाही, पांढरं नाही, लालही नाही. त्याचे दोनशेच्या वर प्रकार, त्यातले डझनभर घातकी, आणि त्यातही १६ व १८ हे दोघे सराईत. हॅराल्ड झुर हाउझेन यांनी गर्भाशयमुखाच्या कॅन्सरशी त्याचं नातं सिद्ध केलं, त्यासाठी २००८ चं नोबेल मिळालं. संसारात पडलेल्या बहुतेक बाया-पुरुषांना तो कधी ना कधी गाठतो आणि बहुतेकांच्या अंगातून वर्ष-दोन वर्षांत आपणहून निघून जातो. राहिला तरी कॅन्सरपर्यंत पोचायला त्याला दहा-वीस वर्षं लागतात. एचआयव्ही असेल तर त्याहून बरीच कमी. त्यावर औषध नाही. विषाणू मारता येत नाही, त्यानं केलेला बिघाड काढता येतो. म्हणून तिशीच्या आत ही चाचणी करायची नाही. मोठ्या शहरांत ‘पॅकेज’ म्हणून बावीस वर्षांच्या मुलीचीही एचपीव्ही करतात, पॉझिटिव्ह येतो, मोडायच्या बेतात आलेलं लग्न आणि रडून सुजलेले डोळे घेऊन आई-मुलगी दारात उभ्या राहतात. जो पाहुणा उद्या आपणहून जाणार होता, त्याच्यासाठी गावाला जेवण घातल्यासारखं झालं.

दुसऱ्या तड्याची सुरुवात जानेवारीत झाली. विवेकानंद जयंती आली. हिवरा आश्रमाचा हा उत्सव ज्यानं पाहिला नाही त्याला सांगून पटत नाही: लाखांनी माणसं शेतात रांगेनं बसलेली, मधून ट्रॅक्टर चालतात आणि त्यांच्या ट्रॉल्यांतून स्वयंसेवक पुरी आणि वांग्याची भाजी वाढत जातात. शुकदास महाराजांनी इथं रुग्णसेवेला अध्यात्माच्या शेजारी बसवलं, म्हणून डॉक्टरीण दर वर्षी पंगतीत बसते. त्या वर्षी तिला सगळ्या टोप्या आणि धोतरं मळकट वाटली. ती शेजारणीला म्हणालीही, “यंदा धूळ फार.” शेजारीण म्हणाली, “कुठं वो धूळ? काल पाणी मारलं नं.”

तरी तिला कळलं नाही. पिवळं होत जाणाऱ्या मोतीबिंदूची हीच तऱ्हा: तो उजेड चोरत नाही, रंग चोरतो, आणि इतका हळू की चोरी झाली हे मालकाला ठाऊकच नसतं. मोने या फ्रेंच चित्रकाराला मोतीबिंदूनं रंग दगा देऊ लागले, १९२३ साली शस्त्रक्रिया झाली आणि आधीची चित्रं पाहून तो हादरला म्हणतात. डॉक्टरणीकडे चित्रं नव्हती. तिच्याकडे वर्तुळांची वही होती.

उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाल्यावर पट्टी काढली, तेव्हा दवाखान्याची भिंत निळसर पांढरी होऊन तिच्या अंगावर आली. घरी येऊन तिनं वही काढली. मागच्या दोन वर्षांत ‘चु’ विरळ होत गेला होता, ‘ता’ कमी झाला होता आणि पानंच्या पानं ‘पे’नं भरली होती. त्या काळात तिनं एका कार्यशाळेत हे आकडे अभिमानानं सांगितले होते: आमच्या गावांत जागृती वाढली, बिघाड कमी झाला. टाळ्याही पडल्या होत्या. गावं तशीच होती. चुना ताकासारखा आणि ताक पेजेसारखं दिसू लागलं होतं, एवढंच.

नवीन डोळ्यानं पुढचे काही आठवडे उलटाच गोंधळ. जिकडेतिकडे चुना. एका शिबिरात तिनं ओळीनं सहा जणींना पॉझिटिव्ह म्हटलं, तेव्हा पोरगी हळूच म्हणाली, “मॅडम, आज मी पाहू का? तुम्ही मागं उभ्या राहा.” डॉक्टरीण मागं उभी राहिली. नोकरीत तीस वर्षं ती कुणाच्या मागं उभी राहिली नव्हती.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत देशातल्या तीस ते एकोणपन्नास वयाच्या बायकांपैकी गर्भाशयमुखाची तपासणी कधी तरी झालेल्या निघाल्या १.९ टक्के. म्हणजे शंभरातल्या अठ्ठ्याण्णव जणींना डॉक्टरणीच्या डोळ्याचा मोतीबिंदूही नशिबी आला नव्हता. आणि आपल्या राज्यात पिशव्या मात्र धडाधड निघत होत्या. बीड जिल्ह्यात २०१९ मध्ये ८२,३०९ ऊसतोड बायांची पाहणी झाली, त्यातल्या १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली होती. बुलडाण्यातूनही टोळ्या जातात, इथलं चित्र वेगळं नाही. पांढरं जातं म्हणून बाई जाते, सोनोग्राफीत ‘सूज’ निघते, “कॅन्सर होईल” एवढे दोन शब्द पडतात आणि तिशीतली पिशवी बादलीत जाते. दोन मिनिटं व्हिनेगर लावून कुणी पाहिलेलं नसतं. या मंडळींवर डॉक्टरणीचा राग जुना आहे. गुलाबी फिती लावून, फोटो काढून, संध्याकाळी चारला गुंडाळल्या जाणाऱ्या शिबिरांवरही आहे. तिथं पॉझिटिव्ह निघालेल्या बाईचं पुढं काय झालं, हे विचारायला दुसऱ्या दिवशी तंबूही जागेवर नसतो.

आता चाचणी बदलते आहे. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ पासून एचपीव्ही डीएनए चाचणीलाच पहिली पसंती दिली आहे. नमुना बाईला पडद्याआड स्वतःचा स्वतः घेता येतो. टेबल नको, टांगतं लुगडं नको, डॉक्टरणीचा डोळा तर नकोच. क्षयरोगासाठी गावोगाव पोचलेल्या ट्रूनॅट यंत्रावर चालणारी एचपीव्ही चाचणीही गोव्याच्या मोलबायो कंपनीनं काढली आहे. निगेटिव्ह आली की पाच ते दहा वर्षं निश्चिंत. पॉझिटिव्ह आली तर मग पाहायचं, बिघाड दिसला तर तो जाळायचा किंवा काढायचा, नाही दिसला तर दोन वर्षांनी पुन्हा चाचणी.

हे सगळं कागदावर सोपं. पण जिचा पॉझिटिव्ह आला ती समोर बसून विचारते, “काहून वो मॅडम, मलेच कसा झाला? कोणामुळं?”

उमेदीच्या काळात डॉक्टरणीनं एकदा ‘लैंगिक संबंधातून’ असं सरळ सांगितलं होतं, सासू शेजारी बसलेली असताना. शास्त्र बरोबर होतं. सून दुसऱ्या दिवशी माहेरी गेली आणि तपासणीला पुन्हा कधी आली नाही. मग तिनं ‘सर्दीसारखा असतो’ हे वाक्य धरलं, तर एक बाई म्हणाली, “सर्दी तं आठ दिवसांत जाते, हे दोन वर्षं काय म्हंता?” आता ती सासूला चहा सांगायला बाहेर पाठवते आणि गाजरगवताचं सांगते. बी कुठून आलं, कुणाच्या बांधावरून आलं, कोणत्या साली आलं, कुणी सांगू शकत नाही. प्रत्येकाच्या वावरात पडतं. बहुतेकांचं मरतं. तुझ्या वावरात एक रोप धरलंय, ते आपण फुलावर यायच्या आत उपटू. संबंधातून येतो हे ती लपवत नाही, पण लग्नाच्या पहिल्या वर्षीचाही असू शकतो, हे त्याच दमात सांगते. पोरीला हे गाजरगवत आवडत नाही. ती म्हणते, “मॅडम, गवत ऐकलं की बाई म्हणते, फवारणी करा.” तिचंही बरोबर आहे.

पोरीचा भर लसीवर. बार्शी आणि पुणे हीही लसीच्या एका मोठ्या भारतीय अभ्यासाची केंद्रं होती. २०१० मध्ये आंध्र-गुजरातेतल्या एका वेगळ्या लसप्रकल्पावरून वादळ उठलं, सरकारनं सगळ्याच अभ्यासांतलं लसीकरण थांबवलं आणि हजारो मुलींना एकच डोस मिळून राहिला. संशोधकांनी त्या मुलींना सोडलं नाही. दहा वर्षांनी आकडे सांगू लागले, की १६ आणि १८ या प्रकारांच्या चिवट संसर्गापासून एक डोसही जवळपास तेवढंच राखतो. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं एका डोसाला मान्यता दिली, त्यात या अर्धवट राहिलेल्या अभ्यासाचा मोठा वाटा. त्याच वर्षी पुण्याच्या सीरमच्या ‘सर्व्हावॅक’ला परवानगी मिळाली. शाळेतल्या मुलींच्या आयांशी पोरगी यावर तासन्‌तास बोलते. डॉक्टरीण गप्प बसते. लस मिळालेल्या मुलीही तिशीला पोचल्या की तपासाव्या लागणारच आहेत, पण तेव्हा व्हिनेगर असेल असं तिला वाटत नाही, आणि ते वाटणं तिला सुखाचं नाही.

वहीतून तिनं एकोणीस नावं काढली. मागच्या दोन वर्षांतल्या अशा बाया, ज्यांच्या वर्तुळात तिनंच ‘ता’ लिहून मग खोडून ‘पे’ केलं होतं. यादी पोरीच्या हातात दिली. अकरा जणी आल्या. पोरीनं पाहिलं, डॉक्टरीण मागं उभी होती. एकीला जिल्ह्याला पाठवलं. दोघी म्हणाल्या, “तुम्हीच तं चांगलं हाय म्हणलं होतं,” आणि आल्या नाहीत. एकीनं मधल्या काळात पिशवी काढून घेतली होती. उरलेल्या पाच जणी ऊसतोडीला गेल्या आहेत. आशाताईच्या वहीत त्यांच्या नावापुढे परतीचा महिना लिहिला आहे: चैत्र.